खालच्या आवाजाची खोली

"बिनसाखरेचा ना?" असं कुलसचिवांनी विचारलं होतं आणि ती समोरच्या आराखड्यावरची नजर न काढता म्हणाली, "बिनखिडक्यांचाच. पण एका भिंतीला उंचावर एक झरोका ठेवणार आहे मी." मग कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळेच हसले. कुलगुरूसुद्धा हसले, चष्मा काढून डोळे पुसत म्हणाले, "चहाला झरोका! बाईंच्या अंगात वास्तुरचना भिनलीय अगदी." तीही हसली. ट्रे घेऊन डावीकडे उभा असलेला शिपाई अजून उत्तराची वाट बघत होता; तिने पुढे होऊन हाताला लागेल तो कप उचलला, तो साखरेचा निघाला आणि तिने तो मुकाट्याने संपवला. ऐकू आलं नाही असं झालंच नव्हतं. तसं झालं असतं तर तिने "काय म्हणालात?" असं विचारलं असतं. 'बिनखिडक्यांचा ना' हे तिला स्वच्छ ऐकू आलं होतं, शब्दातल्या अक्षरासकट, जोडाक्षरासकट. फक्त ते कुणी बोललंच नव्हतं.

बैठक संपल्यावर ती आवारातून आपल्या खोलीकडे चालत निघाली. विद्यापीठाच्या बांधकाम विभागात ती इतकी जुनी झाली होती की निम्म्या इमारतींचे जिने चढताना पायऱ्यांची उंची तिच्या गुडघ्यांना आधीच ठाऊक असायची. भौतिकशास्त्राच्या इमारतीचा तो तिरपा छज्जा तिचा, मुलींच्या दोन वसतिगृहांमधला पूल तिचा, ग्रंथालयाची वाढीव बाजूही तिचीच. ग्रंथालयावरून जाताना तिची चाल हळू व्हायची, मागच्या वर्षीपासून. तळघरात तारा जळून धूर झाला होता आणि सगळे धावत येऊन बाहेरच्या मोठ्या झाडाखाली जमले होते. सुरक्षा विभाग, वीजवाले, दवाखान्याचे डॉक्टर, ग्रंथपाल, वसतिगृहांच्या रेक्टरबाई, सगळेच. प्रत्येकाच्या कानाला फोन आणि प्रत्येकाच्या तोंडी हुकूम. तळघरात कपाटांच्या शेवटच्या रांगेत एक मुलगी अडकलीय हे तिघांना माहीत होतं. एकाने दुसऱ्याला ते सांगितलंही. नंतर चौकशीत तो म्हणाला, मी 'राहिली' म्हणालो. आणि दुसरा म्हणाला, मला 'निघाली' असं ऐकू आलं. मुलगी वाचली, पण तिला बाहेर काढलं तेव्हा तिची नखं दाराच्या रंगाने भरली होती. त्या एका शब्दाच्या फरकातून हे आपत्कालीन नियंत्रण केंद्र उभं राहायचं होतं. पुन्हा काही झालं तर झाडाखाली जमायचं नाही, एका जागी बसायचं, सगळ्या बातम्या तिथे यायच्या आणि सगळे निर्णय तिथूनच निघायचे. तिने त्याचा आराखडा केला होता तो भव्यच. दोन मजले उंचीचं दालन, एका भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पडदे, समोर काच, काचेपलीकडे पाहुण्यांनी उभं राहून बघायची गॅलरी. कुलगुरूंना तो बघताक्षणी आवडला होता, आणि खरं सांगायचं तर तिलाही आपल्या हातावर खूश व्हायला झालं होतं.

कानाच्या डॉक्टरकडे ती घरी न सांगता गेली. तिथली डॉक्टर तिच्या भाचीच्या वयाची होती. तिने तिला एका डबीसारख्या छोट्या खोलीत बसवलं, कानांवर जाड गोळे चढवले, हातात बटण दिलं आणि म्हणाली, "टीं असा आवाज आला की दाबायचं, कितीही बारीक आला तरी." उजव्या कानाला टीं आलं, तिने दाबलं, पुन्हा आलं, पुन्हा दाबलं. परीक्षेत सोपा पेपर आल्यासारखं तिला वाटायला लागलं. मग बराच वेळ काही आलं नाही. यंत्र बदलत असतील असं समजून ती अंगठा बटणावर ठेवून वाट बघत राहिली. भिंतींना जाळीदार तक्ते लावले होते, त्यामागे लोकर असणार हे तिच्या सवयीच्या नजरेने टिपलं. किती छान बसवलंय, सांधासुद्धा दिसत नाही. खोलीतली शांतता अंगावर मऊ पांघरूण घातल्यासारखी होती. तेवढ्यात तिची नजर काचेतून डॉक्टरकडे गेली. डॉक्टरचा हात एक खटका फिरवत होता. वर, आणखी वर, आणखी वर. आणि डॉक्टर तिच्या अंगठ्याकडे बघत होती.

"डाव्या कानाची नस गेलीय," डॉक्टर नंतर म्हणाली. "यंत्र लावून फारसा उपयोग नाही. उजवा कान त्याचं काम करतोय, म्हणून तुमच्या लक्षात आलं नाही. एकेकट्या माणसाशी बोलताना अडचण येणार नाही. घोळक्यात येईल. आवाज येतील, शब्द येणार नाहीत. मग मन आपलं आपण शब्द बसवतं." आणि लिहिता लिहिता तिने विचारलं, "घरात कुणाला होतं असं?"

"नाही," ती म्हणाली. ते अगदी खात्रीने म्हणाली, आणि जिना अर्धा उतरल्यावर कठडा धरून उभी राहिली.

लहानपणीचं दोन खोल्यांचं घर, त्यात आजोबा, काका, काकू, भावंडं, येणारे-जाणारे, आणि सगळ्यांना एकाच वेळी बोलायचं असायचं. वडिलांनी आईला विचारलं होतं, "किल्ली कुठाय?" आणि आई म्हणाली होती, "शाळेत गेलीय." आईला 'धाकली' ऐकू आलं होतं. किल्ली शाळेत गेली, हा विनोद घरात पुढे कितीतरी वर्षं पुरला. किल्लीला आता कॉलेजात घाला, किल्लीचं लग्न ठरलं का, असं कुणी ना कुणी म्हणायचं आणि आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसायची. माणसं जमली की आई उठून स्वयंपाकघरात जायची. काकू म्हणायची, वहिनींना माणसांचा कंटाळाच आहे. आणि आई मुलांना कधी हाक मारायची नाही. जवळ यायची, खांद्यावर हात ठेवायची, आपण वळून तिच्या तोंडाकडे बघितलं की मगच बोलायची, तेही हळू. सगळ्या घरात तेवढा एकच आवाज असा होता की त्यातलं काही वाया जात नसे. आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती. दवाखान्याच्या जिन्यावर, वर-खाली जाणाऱ्या पेशंटांना वाट करून देत उभं असताना तिच्या आत्ता ध्यानात आलं की आईला माणसांचा कंटाळा नव्हता. आई दमायची.

त्यानंतर ती कामावर गेली आणि कुणाला काही बोलली नाही. बैठकीत कोपऱ्यातली खुर्ची धरायची, सगळी माणसं उजवीकडे येतील अशी. एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून द्यावं म्हणतात; आता सोडायचा कानच गेला, जे आत येईल ते आतच राहणार, असं ती मनात म्हणायची आणि स्वतःशीच हसायची. पण हसण्याखाली धाकधूक असायची. असल्या नाजूक कामावर अर्ध्या कानाची बाई कशाला, असं कुणीतरी एकदा म्हणायचा अवकाश.

सरावाची कल्पना कॅप्टनची. कॅप्टन म्हणजे विद्यापीठाचे सुरक्षाप्रमुख. सैन्यात ते कधीच नव्हते, तरुणपणी कुठल्याशा संघाचे कप्तान होते ते नाव चिकटलं होतं, आणि मिशांमुळे शोभायचंही. बांधण्याआधी एकदा बसून तर बघू, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी व्यायामशाळेच्या मोठ्या हॉलमध्ये तिच्या आराखड्याच्या मापाने जमिनीवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या, तशीच टेबलं मांडली, प्रत्येक विभागाची माणसं बसवली आणि शिट्टी फुंकून जाहीर केलं, "वादळ आलंय, रसायनशास्त्राच्या इमारतीवर झाड पडलंय. चला!" ती पट्ट्यांच्या मधोमध उभी होती. फोन वाजायला लागले. माणसं बोलायला लागली, मग मोठ्याने बोलायला लागली, मग शेजारचा मोठ्याने बोलतोय म्हणून आणखी मोठ्याने. आवाज उंच छतापर्यंत जात आणि तिथून दुप्पट होऊन खाली कोसळत. तिच्या कानात त्याचा नुसता रबरबीत लगदा झाला, त्यात एकही शब्द उभा राहीना. झालं, आता सगळ्यांना कळणार, असं वाटून तिने चोरासारखं आजूबाजूला बघितलं.

आणि तिला दिसलं की वीजवाल्यांचा प्रमुख कानामागे हात धरून वाकलाय. रेक्टरबाई "काय? काय?" म्हणतायत, आवाज येत नव्हता पण ओठांवरून कळत होतं. दवाखान्याच्या डॉक्टरांनी एक बोट कानात घालून दुसऱ्या कानाला फोन दाबलाय आणि डोळे मिटून घेतलेत. कॅप्टनच्या मानेच्या शिरा फुगल्यात आणि त्यांच्याकडे कुणाचंही लक्ष नाही. तिने एकेका तोंडाकडे बघितलं. या सगळ्यांचे कान धडधाकट होते, आणि कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. फक्त तिला आपल्याला ऐकू येत नाही हे ठाऊक होतं. त्यांना ते ठाऊक नव्हतं. त्यांची मनं आपली आपण शब्द बसवत होती. सराव संपल्यावर घाम पुसत सगळे म्हणाले, झकास झालं. तिने वीजवाल्यांच्या प्रमुखाला सहज विचारलं, "तुम्ही कुठल्या इमारतीची लाइन तोडली असती?" तो म्हणाला, "वनस्पतिशास्त्राच्या. तिथेच पडलं ना झाड?"

तिच्या छातीत जे झालं त्याला भीती म्हणता आलं नसतं. ते आनंदाच्या फार जवळचं होतं. ती घरी गेली ती थेट टेबलाशी, आणि दोन मजले उंचीचं दालन तिने उभं फाडलं. नवऱ्याने दारातून बघितलं, आत आला, फिरून तिच्या उजव्या बाजूला उभा राहिला आणि म्हणाला, "अगं, एवढं देखणं चित्र!" पेन्सिल हातातच राहिली. तो फिरून उजवीकडे आला होता. ती आठवायला लागली. संध्याकाळी चालायला जाताना तो रस्त्याच्या बाजूने का चालतो, जेवताना त्याने खुर्ची कधी बदलली, नाटकाला गेल्यावर आधी तिला बसवून मग आपण कुठे बसतो.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"तू बातम्या एवढ्या मोठ्याने लावतेस की शेजाऱ्यांनी टीव्ही विकलाय."

"मग बोलला का नाहीस?"

"तू सांगशील तेव्हा ऐकायचं ठरवलं होतं." मग थोडं थांबून म्हणाला, "आणि बोललो असतो आणि तुला ऐकू आलं नसतं तर?" तिने फाडलेल्या कागदाचा बोळा करून त्याला मारला. मग दोघंही हसत बसली. मग ती थोडी रडली, आणि मग पुन्हा कागदाशी बसली.

नवा आराखडा बघून कुलगुरूंचा चेहरा पडला. तिने जागाच बदलली होती. मुख्य इमारतीच्या तळमजल्याऐवजी आवाराच्या उंचवट्यावर पाण्याच्या टाकीजवळ क्रीडासाहित्याचं जुनं कोठार होतं, तिथे पाणी चढणार नव्हतं आणि वाहनांचा आवाजही पोचत नव्हता. छत खाली आणलं होतं. भिंतींना आतून जाड कापड, खाली गालिचा, आत शिरायला एकामागोमाग दोन दारं. फोन घेणाऱ्यांची खोली वेगळी, मध्ये दुहेरी काच. निर्णय घेणाऱ्यांची त्याहून वेगळी. टेबलं अशी वळवलेली की प्रत्येकाला प्रत्येकाचं तोंड दिसावं, आणि दिवे असे की उजेड तोंडावर पडावा, पाठीमागून नव्हे. भिंतभर पडद्यांच्या जागी एकच मोठा फळा, फोनच्या खोलीत लिहिलेलं लगेच इकडे उमटेल असा: काय कळलं, कोणाकडे दिलं, झालं की नाही. पाहुण्यांची गॅलरी गायब होती.

"बाई, ही खोली आहे की बीळ?" कुलगुरू म्हणाले. "आधीचं किती छान होतं. लोक परदेशातून बघायला आले असते."

"बघायला आले असते, साहेब. ऐकायला कुणाला काही आलं नसतं."

"हे तुम्ही कशावरून म्हणता? सराव तर उत्तम झाला असं मला सांगण्यात आलंय."

तिने कागदाची कड बोटांनी सरळ केली. बोलायचं ठरवून ती आली नव्हती. न बोलता निभावता आलं असतं. ध्वनिशास्त्रातले दोन मोठे शब्द फेकले असते तर चाललं असतं. पण समोर बसलेली ती माणसं, आपल्याला सगळं ऐकू येतं अशा खात्रीने बसलेली, बघून तिला आतून कुणीतरी खांद्यावर हात ठेवल्यासारखं झालं. ती म्हणाली, "मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. मुळीच नाही. गर्दीत तर उजव्यानेही शब्द लागत नाहीत. त्यामुळे मी माणसांच्या तोंडाकडे बघते. त्या दिवशी हॉलमध्ये मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं. तिथे माझ्यासारखेच सगळे होते. संकट आलं की सगळेच बहिरे होतात, साहेब. मला फक्त रोजचा सराव आहे."

कुलसचिवांनी समोरचा कप उगाच इकडचा तिकडे ठेवला. मग कॅप्टन घसा खाकरून म्हणाले, "माझे दोन्ही कान शाबूत आहेत. पण ग्रंथालयाच्या त्या दिवशी 'निघाली' असं ऐकणारा तो मीच." एवढंच म्हणाले आणि मिशीवर हात ठेवून खाली बघत राहिले.

"त्या दिवशी चहाच्या वेळी..." कुलगुरूंनी सुरुवात केली.

"हो."

"आम्ही हसलो."

"मीही हसले, साहेब. विनोद चांगला होता."

कुलगुरूंनी आराखडा स्वतःकडे ओढला. बराच वेळ बघितला, चष्मा कपाळावर चढवून बघितला, मग कोपऱ्यात सही केली. "पाहुण्यांना आपण बाग दाखवू," ते म्हणाले.

बांधकामाचे ते महिने तिला पुढे आठवायचे ते टाळ्यांमुळे. रोज सकाळी ती कोठारात शिरायची, मधोमध उभी राहायची आणि एक टाळी वाजवायची. उघड्या विटांच्या भिंती असताना टाळी चारी बाजूंनी फिरून परत यायची. छत बसलं तशी ती आखडली. भिंतींना कापड लागलं तशी विरायला लागली. आधी मिस्त्री लोक एकमेकांना कोपरानं ढोसायचे. मग सुतार तक्ता ठोकून झाला की स्वतःच टाळी वाजवून बघायला लागला, आणि काही दिवसांनी तर ती यायच्या आधी आतून टाळ्यांचा कडकडाट ऐकू यायचा आणि ती दारात दिसताच सगळे साळसूदपणे कामाला लागायचे. कंत्राटदार म्हणाला, "मॅडम, एवढ्या टाळ्या मला माझ्या लग्नातही नाही मिळाल्या." तो माणूस तोंडाचा फटकळ पण हाताचा सच्चा. दाराच्या फटीत रबर नीट बसलं नाही म्हणून तिने तीच चौकट पुन्हा पुन्हा उतरवायला लावली तेव्हा तो डोकं धरून बसला, "रेडिओ स्टेशन बांधताय का देऊळ, एकदा सांगा तरी!" पण त्याने ती उतरवली. दारं बसली त्या दिवशी ती आत एकटी उभी राहिली. दोन्ही दारं बंद झाल्यावर खोलीने श्वास रोखल्यासारखं झालं. तिने टाळी वाजवली. टाळी तिच्या तळव्यांतच राहिली. तिने हळूच, अगदी नेहमीच्या आवाजात, "आहे का कुणी?" असं म्हटलं, आणि तिचा आवाज तिला संपूर्ण ऐकू आला, शेवटच्या अक्षराच्या ओल्या टोकापर्यंत. कितीतरी दिवसांत कुठल्याच आवाजाचं तसं टोक तिच्या हाती लागलं नव्हतं. पायांखालचा गालिचा, तोंडावरचा उजेड, भिंतींचा मऊ करडा रंग. मी केलं हे, असं तिला वाटलं, आणि ते वाटून घ्यायची तिला लाज वाटली नाही.

मग यंत्रं सुरू झाली आणि घोळ झाला. गार हवेची यंत्रणा चालू केल्यावर सगळे म्हणाले, काही आवाज नाही, छान आहे. तिलाही नव्हताच ऐकू येत. पण टेबलावर तळवा टेकला तेव्हा लाकडात एक बारीक थरथर होती, आत माशी कोंडल्यासारखी. तिने कॅप्टनचा हात धरून टेबलावर ठेवला. त्यांना आधी काही कळेना, मग त्यांच्या भुवया वर गेल्या. दिवसभर इथे बसलेल्या माणसाला ती थरथर ऐकू येणार नव्हती, पण डोक्यात साठणार होती, आणि मग तो विनाकारण आवाज चढवणार होता. एकाचा चढला की सगळ्यांचे चढणार. पंखा थेट तुळईला बोल्टने आवळला होता. त्याखाली जाड रबर घातल्यावर टेबल मुकं झालं. कंत्राटदाराने मान हलवली. "बाकीचे कानाने ऐकतात," तो सुताराला म्हणाला, "ही बाई हाताने ऐकते." त्याने ते तिच्या उजव्या बाजूला उभं राहून म्हटलं होतं, मुद्दाम असावं.

उद्घाटनाला अजून अवकाश होता. फीत, कात्री, सगळं कुलसचिवांच्या कपाटात. ती दुपारी दारांचे बिजागर बघायला म्हणून आली होती आणि कॅप्टन फोनवाल्या मुलींना फळ्यावर लिहायची शिस्त शिकवत होते. तेवढ्यात पहिला फोन वाजला. आवाराच्या कुंपणापलीकडच्या मोठ्या रस्त्यावर रसायनाचा टँकर उलटला होता. पांढरा धूर जमिनीलगत पसरत होता आणि वारा विद्यापीठाकडे होता. दोन परीक्षागृहांत पेपर चालू होता, रस्त्यालगतची मुलींची वसतिगृहं भरलेली होती. कॅप्टननी तिच्याकडे बघितलं. "बसायचं?" त्यांनी विचारलं. "बसायचं," ती म्हणाली, "त्यासाठीच केलंय." निरोप गेले. थोड्याच वेळात दोन दारांमधून एकेक जण धापा टाकत आत येऊ लागला. प्रत्येक जण पहिल्या दारातून ओरडत शिरत होता आणि दुसऱ्या दारातून आत येईपर्यंत त्याचा आवाज आपोआप खाली येत होता. ते तिने डोळ्यांनी बघितलं. वीजवाल्यांचा प्रमुख "अरे कुणी" असं म्हणत आला आणि "सांगा मला" असं हळू म्हणून खुर्चीत बसला. खोलीच त्यांचे आवाज उतरवून घेत होती, दारात चपला काढून ठेवाव्यात तसे.

ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तिचं काम संपलेलं होतं, इथे तिला खुर्ची नव्हती. तळहात मागच्या कापडावर घट्ट दाबलेले होते. काचेपलीकडे फोनवाल्या मुलींची तोंडं हलत होती, बोटं लिहीत होती, आणि इकडे फळ्यावर ओळी उमटत होत्या. कॅप्टन जेवणाच्या टेबलावर मीठ मागावं इतक्या साध्या आवाजात बोलत होते. अग्निशमन दलाकडून कळलं, वारा थोडा वळतोय. कुलगुरू शेजारच्या छोट्या खोलीतून काचेतून फळा वाचत होते. दवाखान्याच्या डॉक्टरांशी दोन वाक्यं बोलून त्यांनी ठरवलं: परीक्षागृहांत मुलं आहेत तिथेच राहतील, खिडक्या बंद, पंखे बंद, ओल्या कपड्याने फटी बुजवायच्या. वसतिगृहं मात्र रिकामी करायची, मागच्या दारांनी, टेकडीपलीकडच्या मैदानावर. पहिलं वसतिगृह निघालं. दुसरं निघालं. एक बोलायचा आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघायचे. कुणी कुणाला "काय?" म्हणत नव्हतं. तिने त्या शब्दाची वाट बघितली. तो आलाच नाही.

मग खोलीच्या अगदी पलीकडच्या टोकाला रेक्टरबाई उभ्या राहिल्या. बुजऱ्या, बारीक आवाजाच्या बाई. सभेत त्या बोलल्या तर शेजारच्यालाही पत्ता लागायचा नाही. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. एका हाताने त्यांनी टेबलाची कड धरली आणि त्या म्हणाल्या, "गच्चीवरच्या टाकीत दोघं आहेत. टाकी धुणारे. आत उतरलेत, त्यांना काही कळलं नसेल."

ती भिंतीशी उभी होती, बाईंचं तोंड कॅप्टनकडे वळलेलं होतं, तिला नुसता गाल दिसत होता. ओठ दिसत नव्हते. आणि तिला ऐकू आलं. गच्ची, टाकी, दोघं, सगळे शब्द, जागच्या जागी, एकही मनाने घातलेला नाही. तिने सगळ्यांकडे बघितलं. सगळ्यांनी ऐकलं होतं. सगळ्यांची डोकी एकाच वेळी वळली होती. "कुठल्या वसतिगृहाची?" कॅप्टननी विचारलं. "दुसऱ्या. पुलाजवळची." "दुसऱ्या, पुलाजवळची," कॅप्टननी परत म्हटलं, फळ्यावर ते लिहिलं गेलं, धुराचे मुखवटे चढवलेले दोन रक्षक तिथेच जवळ होते त्यांना फोन गेला. मग काही करण्यासारखं नव्हतं. धूर त्या वसतिगृहाच्या खालच्या मजल्यापर्यंत आला असल्याचं कळलं. कॅप्टन फळ्याकडे बघत होते, त्या एका ओळीकडे, जिच्यापुढची जागा रिकामी होती. त्यांचा हात मिशीवर गेला आणि तिथेच थांबला. तिने श्वास धरला होता. तिला वाटलं, सगळ्या खोलीनेच धरलाय. वीजवाले, डॉक्टर, कुलगुरू काचेमागे, सगळे. काचेपलीकडे एका मुलीने फोन उचलला, ऐकलं, ओठ हलवले, पुन्हा विचारून खात्री केली, आणि मग लिहिलं. इकडे फळ्यावर अक्षरं उमटली: दोघंही बाहेर. पुलावरून निघाले. ठीक.

रेक्टरबाई खाली बसल्या. कॅप्टननी फळ्यावर हात टेकला. मग वळून त्यांनी खोली ओलांडली, तिच्यासमोर येऊन उभे राहिले, तिने आपल्या तोंडाकडे बघेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "ऐकलं मी या वेळेला. नीट ऐकलं." तिने मान हलवली. आवारातली सगळी माणसं तिला त्या क्षणी एकदम जाणवली, खिडक्या लावून पेपर लिहिणारी मुलं, मैदानाकडे चालणाऱ्या मुली, पुलावरून खाली येणारे ते दोघे ओले कामगार, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध उंचवट्यावर ही बुटकी, करडी, आवाज न करणारी खोली.

उन्हं उतरायच्या आधी धूर विरला, टँकर ओढून नेला आणि वसतिगृहं उघडली. तिने नवऱ्याला फोन केला, सगळं सांगितलं, पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, आणि मग टेकडीवरून मैदानाकडे उतरली. समोरून मुली परत येत होत्या. उशा, वह्या, एकीच्या हातात अर्धवट विणलेला स्वेटर, एकीच्या काखेत कुणाचं तरी मांजर. कुणी तिला ओळखत नव्हतं. केसांना तेल लावलेली एक मुलगी तिच्याजवळ थांबली, वैतागलेली.

"मावशी, तुम्ही ऑफिसातल्या ना? काय झालं होतं हो एवढं?"

"काही नाही झालं," ती म्हणाली.

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मग आम्हाला उगाच एवढं उन्हात बसवलं!" मुलगी मैत्रिणीकडे वळली. "ऐकलंस? काही झालंच नव्हतं म्हणे. यांना ना, काही कामं नाहीत." मैत्रिणीने तोंड वाकडं केलं, आणि दोघी विद्यापीठाच्या कारभाराला मनसोक्त नावं ठेवत, मांजराला आळीपाळीने घेत वसतिगृहाच्या दिशेने चालू लागल्या. त्यांच्या मागून आणखी मुली आल्या, आणखी तक्रारी आल्या, दुपारची झोप गेली, आंघोळीचं पाणी गार झालं असेल, डोकं दुखतंय. ती वाटेच्या मधोमध उभी राहिली आणि तो सगळा कलकलाट दोन्ही बाजूंनी तिच्या अंगावरून वाहून जाऊ दिला. त्यातला शब्द न् शब्द लागत नव्हता. लागायची गरजही नव्हती. सगळ्याजणी होत्या, चालत होत्या आणि कुरकुरत होत्या. आणि ती हसत सुटली, इतक्या मोठ्याने की पुढे गेलेल्या मुलींनी वळून बघितलं.